खोल पाण्यावरून नेलेली बिअर

टेक्लामावशी चर्चमध्ये कायम दाराजवळच्या बाकावर बसत असे. आग लागलीच तर आधी बाहेर पडता यावे म्हणून. चर्च दगडाचे होते. कोणी तसे बोलून दाखवले की ती वर बोट करी आणि म्हणे, "छप्पर लाकडाचं आहे." शिडीला ती भिई, घोड्याला भिई, विजेला आणि टेलिफोनच्या घंटेला भिई. पण या सगळ्या भयांहून मोठे भय पाण्याचे होते. सरोवराच्या काठी जन्मून, काठावरच संसार करून तिला पोहता येत नव्हते. आमच्याकडे त्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना येत नसे, पण त्या निदान पाण्याकडे पाहत तरी असत. मावशीच्या स्वयंपाकघरात सरोवराच्या बाजूला खिडकी होती. तिचा पडदा मी फारसा कधी उघडा पाहिला नाही.

गाव तिला भित्री टेक्ला म्हणे आणि लग्न असो की मयत, बिअर करायला तिलाच बोलावी. यात विसंगती वाटेल, पण ती आमची बिअर माहीत नसणाऱ्याला. साहती ही घरची बिअर आम्ही उकळत नाही. मोड आणून वाळवलेले सातू आणि थोडे राय नावाचे धान्य गरम पाण्यात मुरवायचे, तो गोड काढा ज्युनिपर झुडपाच्या डहाळ्यांच्या थरातून सावकाश गाळायचा आणि त्यात पावाचे यीस्ट सोडायचे. उकळी न लागल्यामुळे ती दुधाइतकी नाजूक राहते. थंडीत ठेवली तर आठवडा-दोन आठवडे पिकलेल्या केळ्याचा वास देते. एक दुपार उन्हात गेली की आंबते आणि मग तिला कोणी वाचवू शकत नाही. बिनधास्त माणसाच्या हातून ती हमखास बिघडते. मावशी बिअर घातल्यापासून ती पिऊन संपेपर्यंत धड झोपत नसे. येताजाता बिअर भरलेल्या कॅनला उलटा हात लावून पाही, आजारी मुलाचे कपाळ पाहावे तसा. काढ्याच्या तळाशी पोलादाची एखादी वस्तू, कात्री किंवा सुरी, ठेवायची तिच्या आईची पद्धत होती, नजर लागू नये म्हणून. मावशीने ती कधी मोडली नाही.

तिच्या स्वतःच्या लग्नाची बिअर मात्र तिने केलेली नव्हती. वधूच्या घरची बिअर वराच्या घरी जाते, या रिवाजाप्रमाणे ती माझ्या आजीने केली होती, आणि भर जुलैत घोडागाडीतून, गवताखाली झाकून, सरोवराला वळसा घालून नेली होती. ती पोहोचली तेव्हा आंबलेली होती. पाहुणे सभ्य होते. प्रत्येकाने एकेक पेला संपवला आणि कॉफी मागितली. त्याच हिवाळ्यात मावशीचा नवरा विल्यामी लाकूडतोडीला गेला आणि स्प्रूसचे झाड त्याच्यावर पडले. त्यांची मुलगी ओर्वोक्की वसंतात जन्मली. ती आंबलेली बिअर आणि ते झाड यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे कोणी मावशीच्या तोंडावर म्हटले नाही. पण सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, जिथे बायका चेहरे न दिसता बोलतात, तिथे मी स्वतः लहानपणी ऐकले आहे: "आंबट बिअरचं लग्न होतं ते."

मावशीनेही ऐकले असणार.

म्हणून ओर्वोक्कीचे लग्न सरोवरापलीकडच्या टाउनोशी ठरले तेव्हा मावशी कशाला भिते आहे, हे आम्हा सर्वांना न सांगता कळले होते. लग्न पुन्हा जुलैतच होते. टाउनोचा बाप नेस्तोरी स्वतः नावाजलेला बिअर करणारा, त्याने निरोप धाडला होता, "विहीणबाई, कशाला त्रास घेता? माझीच पिऊ." मावशीने उलट निरोप दिला की मुलीच्या घरची बिअर मुलीच्या घरूनच येईल.

त्या वर्षी हिवाळा सौम्य होता. उन्हाळ्यासाठी साठवायला मार्चमध्ये सरोवरातून कापलेल्या बर्फाच्या लाद्या पातळ निघाल्या, आणि जुलै उजाडला तेव्हा भुशाच्या ढिगाखाली ओल्या भुशावाचून काही उरले नव्हते. घरी विहीर होती, तिथवर चिंता नव्हती. प्रश्न वाटेचा होता. दुधाची लॉरी सरोवराला वळसा घालून जाई, गावागावांतून थांबत, उन्हात. मावशीने तो पर्याय ऐकूनही घेतला नाही. मग एके दिवशी तिने कोळ्यांना काहीतरी विचारले, घरी येऊन पडदा बाजूला सारला आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत उभी राहिली.

तिची योजना सांगायला सोपी होती. जुलैत सरोवराचे वरचे पाणी कोमट असते, पण खोलवरून जाळे ओढणाऱ्या कोळ्याचे हात भर उन्हाळ्यातही बधिर होतात. तेव्हा कॅन होडीत ठेवायचे नाहीत. होडीखाली लांब दोराने खोल सोडायचे आणि तसेच वल्हवत न्यायचे. मात्र किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येणार नाही, कारण तिथे खडक फार आणि लोंबता दोर अडकणार. जायचे तर मधोमध, जिथे तळ दूर आहे. त्या मोकळ्या पाण्याला आमच्याकडे सरोवराची पाठ म्हणतात. बिअर थंड राहायची तर मावशीला नेमके तिथेच जावे लागणार होते जिथे जायला ती जन्मभर भ्याली होती.

लग्नाच्या आदल्या सकाळी आम्ही धक्क्यावर जमलो. ओर्वोक्की आणि मी, तिची मावसबहीण, वल्ह्यांवर बसणार होतो.

"आई, तू बसने ये," ओर्वोक्की म्हणाली. "आम्ही दोघी नेतो."

"तुम्ही दोघी गप्पा मारत बसाल आणि दोर वर घ्याल."

"नाही घेणार."

"घ्याल. सिल्वीला वजन ओढायचा कंटाळा आहे. लहानपणापासून."

"मावशी, मी इथेच उभी आहे," मी म्हटले.

"माहीत आहे. म्हणून मोठ्यानं बोलले."

"अगं, तुला पोहता येत नाही," ओर्वोक्की म्हणाली.

"बिअरला तरी कुठे येतं?"

दुधाचे दोन मोठे कॅन काठोकाठ भरलेले होते, हवेला जागा न ठेवता. मावशीने रबराची कडी पुसली, मग आमच्याकडे पाठ करून एका कॅनच्या तोंडाशी काहीतरी केले, झाकण बसवले आणि पकड आवळली.

"आता काय घातलंस त्यात?" ओर्वोक्कीने विचारले.

"काही नाही. वल्ही बघ तुझी."

दोन्ही कॅन एका जुन्या जाळ्यात बांधून जाळ्याचा दोर तिने होडीच्या मागच्या फळीला पक्का बांधला. धक्क्यावर दोघींना न उचलवणारे ते ओझे पाण्यात उतरताच जवळपास नाहीसे झाले. दोर हातात धरला तर खाली दोन शांत जनावरे चालत असावीत इतकाच भार लागे. मावशी होडीत उतरली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले होते. मागच्या टोकाला ती आमच्याकडे तोंड करून बसली, एक हात काठावर, दुसरा दोरावर. पुढचा सारा वेळ तो हात तिथून हलला नाही.

सरोवर आरशासारखे होते. आम्ही वल्हवत राहिलो आणि मागे किनाऱ्याची झाडे एकमेकांत मिसळून एक गडद रेघ झाली.  मावशी कधी तरी विचारी, "इथे किती खोल असेल?" आणि ओर्वोक्कीने "पुरेसं आहे, आई," म्हटले की तिचा चेहरा दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखा होई: खोल आहे म्हणून बरे, आणि खोल आहे म्हणूनच वाईट.

ऊन चढले. आम्हाला घाम फुटला, डास गेले, पक्षी गेले. मग नैर्ऋत्येला, जिकडे आमची पाठ होती, तिकडे मावशीला काहीतरी दिसले. तिने सांगितले नाही. मी तिच्याकडेच तोंड करून बसले होते म्हणून मला ते आधी तिच्या चेहऱ्यावर दिसले आणि मग मी वळून पाहिले. आकाशाचा खालचा काठ जखमेच्या कडेसारखा निळाकाळा झाला होता. गडगडाट अजून इतका दूर होता की कानाऐवजी होडीच्या फळ्यांतून जाणवत होता.

"बेटाकडे," ओर्वोक्की म्हणाली. मागे डावीकडे एक लहानसे बेट होते, चार पाइनची झाडे आणि दगड. "वादळ जाईपर्यंत तिथे थांबू. सिल्वी, दोर वर घे."

"नाही," मावशी म्हणाली.

"आई, तिथे उथळ आहे!"

"अगदी जवळ गेलो की घेऊ. आता कॅन वर काढले तर कोमट पाण्यात राहतील. बिअर आधीच दमली असेल ओढून ओढून."

बिअर दमली असेल, असे ती खरोखर म्हणाली. आम्ही वाद घातला नाही; विजेची घाई होती. होडी वळवली तसा वारा मागून एकदम आला, कोणी हात ठेवून ढकलावे तसा, आणि होडी बेटाकडे जवळजवळ पळू लागली. बेट बरेच दूर असतानाच ती थांबली.

थांबली म्हणजे खरोखर थांबली. मी वल्ह्यासकट मागे कोसळले. मावशीच्या हाताखालचा दोर तारेसारखा ताठ झाला होता. खाली, कोणालाही न दिसणाऱ्या एखाद्या दगडाच्या चिरेत, जाळे अडकले होते.

आमच्या होड्या दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. मागून लाट आली तरी टोक वर उचलले जाते आणि लाट खालून निघून जाते. पण हे टोक आता आखूड झालेल्या दोराने खाली बांधले गेले होते. पहिली लाट मावशीच्या कमरेवरून आत आली. दुसरीने होडीच्या तळातले पाणी घोट्याला लावले. ओर्वोक्की डब्याने पाणी उपसू लागली. मी मावशीजवळ सरकून गाठ सोडू पाहिली. ती भिजून लाकडासारखी झाली होती आणि प्रत्येक लाटेबरोबर आणखी आवळत होती.

"सुरी!" मी ओरडले. "मावशी, सुरी दे!"

होडीत सुरी असतेच. मावशीच्या कमरेला तर कायम असे, कातड्याच्या म्यानात. म्यान होते. रिकामे होते.

मावशीने खाली, पाण्याकडे पाहिले.

"कुठे आहे सुरी?"

"बिअरमध्ये," ती म्हणाली.

 मग ओर्वोक्की, हातात पाण्याने भरलेला डबा, केस तोंडावर चिकटलेले, हसू लागली, आणि ते हसू ऐकून मला लाटेपेक्षा जास्त भीती वाटली. "लग्नाला नजर लागू नये म्हणून ना? छान, आई! बिअर वाचेल. आपलं काय?"

वीज बेटावर पडली की बेटामागे, कळले नाही. पाइनची चारही झाडे पांढरी दिसली. ओर्वोक्कीने डबा टाकला आणि मागच्या टोकावरून पाण्यात वाकून दोर हाताने ओढू लागली. होडीचे ते टोक तिच्या वजनाने आणखी खाली गेले. मावशीने तिला स्कर्टला धरून असे मागे खेचले की ती माझ्या अंगावर येऊन पडली. त्यानंतर मावशी जे बोलली ते तिने आम्हाला म्हटले की स्वतःला, मला आजही सांगता येणार नाही. तिचे ओठ निळे पडले होते आणि दात वाजत होते.

"जिकडून आलो तिकडे. उलट वल्हवा."

"तिकडे वादळ आहे!"

"जाळं अडकलं की आलं त्या वाटेनं मागे जायचं. कोळी तसंच करतात. मी विचारलं होतं. वल्हवा, पोरींनो, मला जास्त बोलता येत नाही."

बेटाचा आसरा समोर दिसत असताना आम्ही त्याच्याकडे पाठ ठेवूनच, वल्ही उलटी ढकलत, वाऱ्याच्या तोंडावर, सरोवराच्या पाठीवरच्या त्या उघड्या पाण्याकडे वल्हवू लागलो. मी आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. मावशी आता सर्वांत पुढे होती, प्रत्येक लाट आधी तिच्यावर फुटत होती. ती दोन्ही हातांत दोर धरून त्याच्याकडे कान लावल्यासारखी बसली होती. "अजून," ती म्हणे. "अजून. थोडं उजवीकडे." मग तिच्या हातांत दोर सैल पडला, तिने तो एकदा जोराने हिसडला, आणि होडीचे टोक, इतका वेळ दाबून धरलेले, पुढच्या लाटेवर उचलले गेले.

"सुटलं," ती म्हणाली, आणि लगेच, "वर घेऊ नका."

आता कोणी घेणारही नव्हते. त्या लाटांत तितके वजन काठावर आणले असते तर होडी पालथी झाली असती. बेटाकडे परत जाणे म्हणजे पुन्हा खडकांत जाणे. आम्ही वल्ही धरून बसलो, आणि थोड्या वेळाने ध्यानात आले की होडी आडवी होत नाही. खाली लोंबणारे ते दोन कॅन तिचे टोक वाऱ्याकडे ओढून धरत होते. दोर ताणला जाई, सैल पडे, पण होडी लाटेला सामोरीच राही. वादळ आमच्यावरून जात राहिले आणि आम्ही त्या बिअरला बांधलेल्या, पाणी उपसत, खोल पाण्यावर हळूहळू सरकत राहिलो.

"बोला काहीतरी," मावशी म्हणाली. "गप्प बसू नका. मला फार भीती वाटते आहे."

"दोर सोडता आला असता तर सोडला असतास का?" ओर्वोक्कीने विचारले.

मावशीने दोरावरचा हात घट्ट केला.

"आई, मी आंबट बिअर घेऊन गेले तरी मला टाउनोच मिळणार आहे."

"मलाही विल्यामीच मिळाला होता," मावशी म्हणाली. "मिळाला होता, पोरी."

पुढे बराच वेळ पाऊस इतका होता की बोलणे शक्य नव्हते. ओर्वोक्कीने उपसणे थांबवले नाही, पण तिचा एक पाय पुढे सरकून आईच्या पायाला टेकला आणि तसाच राहिला.

नेस्तोरीच्या धक्क्याला लागलो तेव्हा ऊन पुन्हा पडले होते, आणि तेच मावशीला सर्वांत वाईट वाटत होते. किनाऱ्यावरून नेस्तोरी धावत आला. उंच, लाल मानेचा, वादळभर खिडकीशी उभा असलेला माणूस.

"विहीणबाई! वेड लागलं का तुम्हाला? अशा हवेत पाठीवरून?"

"कॅन आधी," मावशी म्हणाली. "सावलीत."

त्याने आणि टाउनोने दोर ओढून घेतला. जाळे एका बाजूने फाटले होते. एका कॅनच्या अंगाला लांब खरचटा आला होता आणि त्याची पकड वाकली होती. दुसऱ्यावर ओरखडाही नव्हता. नेस्तोरीने तळवा त्या धातूवर ठेवला आणि झटक्याने काढून घेतला.

"बर्फात ठेवले होते काय?"

वाकलेल्या पकडीचा कॅन त्याने आधी उघडला, बिअर ओंजळीत घेऊन चाखली, हात झटकले आणि म्हणाला, "यात सरोवर शिरलं आहे. कपडे धुवायच्या कामाचं." म्हणजे सारे त्या दुसऱ्या कॅनवर आले. त्याचे झाकण निघाले. आत, दोऱ्याने कडीला बांधलेली, पात्यावर फेस घेतलेली मावशीची सुरी लोंबत होती. नेस्तोरीने ती वर उचलून पाहिली आणि आमच्या तिघींच्या चेहऱ्यांकडे पाहून बाजूला ठेवली.

त्याने लाकडी पेला भरला आणि रिवाजाप्रमाणे तो बिअर करणारीपुढे धरला. पहिला घोट तिचा.  सरोवराच्या पाठीवर, विजेखाली, तिने जे धैर्य कोठून तरी आणले होते ते इथे, सावलीत, कोरड्या जमिनीवर संपले होते. तिने मान हलवली. पेला तसाच राहिला. धक्क्यावर माणसे जमली होती. त्यांतल्या वयस्करांना तिचे लग्न आठवत असणार.

ओर्वोक्कीने पेला घेतला आणि प्यायली. मावशी तिच्या गळ्याकडे पाहत होती, ओठांकडे, भुवयांकडे. मला वाटते इतक्या वर्षांची तिची सगळी भीती त्या क्षणी एकाच जागी गोळा झाली होती.

"थंड आहे," ओर्वोक्की म्हणाली.

"आणि?"

"आणि तुझी आहे, आई. घे आता."

मावशीने पेला दोन्ही हातांनी धरला. एक घोट घेतला, तोंडात ठेवला, गिळला. मग दगडावर बसली आणि सुरी मागून घेऊन पुढे बांधलेल्या ओल्या एप्रनला पुशीत राहिली, ती कोरडी झाल्यानंतरही.

लग्न झाले. गोड बिअर एकाच कॅनची असल्यामुळे लवकर संपली. पुढे नेस्तोरीची आली आणि तो स्वतः, दोन पेल्यांनंतर, म्हणाला की माझी हिच्यापुढे पाणी आहे. टाउनो त्या हिवाळ्यात लाकूडतोडीला गेला आणि परत आला. मावशीने तो सारा हिवाळा टेलिफोनला न भिता, म्हणजे भितभित, दर रविवारी टेलिफोन केंद्रातून फोन लावला, आणि ओर्वोक्कीशी बोलण्यापूर्वी दरवेळी एकच प्रश्न विचारला: तो घरी आहे का?

पुढच्या उन्हाळ्यात बाळाच्या बारशाला बिअर न्यायची होती. त्या वर्षी बर्फ भरपूर होता. लाद्यांत बसवून लॉरीने नेता आली असती. मावशी म्हणाली, "लॉरी उन्हात उभी करतात." आम्ही पुन्हा धक्क्यावर आलो. तिने आमच्याकडे पाठ करून कॅनच्या कडीला सुरी बांधली, झाकण आवळले, मग डोळे मिटून होडीत उतरली. कमरेला तेच जुने म्यान होते. मी न राहवून पाहिले, तर त्याच्याशेजारी, चामड्याचा वास अजून न गेलेले, दुसरे म्यान लटकत होते, आणि ते रिकामे नव्हते.